डिस्क उतरवण्याची रीत

११ ऑक्टोबर १९६२ रोजी आयबीएमने १३११ नावाचं डिस्क-यंत्र जाहीर केलं. कमरेइतक्या उंचीची पेटी, तिला वरून उघडणारं झाकण, आणि झाकणाखाली एकावर एक रचलेल्या चौदा इंची सहा तबकड्यांचा गठ्ठा. या गठ्ठ्याला ‘डिस्क पॅक’ म्हणत. त्याचं वजन साधारण साडेचार किलो होतं आणि त्यात वीस लाख अक्षरं मावत. ८० रकान्यांच्या पंचवीस हजार पंचकार्डांवरचा मजकूर एका माणसाला एका हाताने उचलून नेता येऊ लागला. आणि १३११ चं खरं वैशिष्ट्य हेच होतं, की हा पॅक काढता येत असे. सकाळी पगाराचा पॅक चढवावा, तो उतरवून दुपारी मालसाठ्याचा चढवावा, आणि यंत्र मात्र एकच.

त्याआधीच्या डिस्कला ही सोय नव्हती. १९५६ साली सॅन होजेमध्ये रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने रॅमॅक या संगणकासाठी जगातलं पहिलं डिस्क-यंत्र बाजारात आणलं. त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक होतं, आणि क्षमता ५० लाख अक्षरं. या तबकड्या यंत्रातच कायमच्या बसवलेल्या असत. त्या सुखरूप कशा उतरवायच्या, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. तो उद्भवला १३११ बरोबर. आज एखाद्या सर्व्हरवरून दहा-वीस डिस्कचा संच बाजूला काढताना तंत्रज्ञ ज्या पायऱ्या पाळतात, त्यांची सुरुवात या पेटीच्या झाकणापाशी झाली. पुढच्या साठ वर्षांत त्या पायऱ्यांत भर पडत गेली, आणि प्रत्येक पायरीमागे कुणाच्या तरी बुडालेल्या माहितीचा अनुभव आहे.

पॅक उतरवण्याचं काम ऑपरेटरचं. आधी मोटर बंद करायची. लिहिणारी-वाचणारी हेड्स तबकड्यांच्या मधून मागे सरकत. मग गठ्ठा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतरच झाकण उघडायचं. वरून प्लास्टिकचं आवरण ठेवून त्याची मूठ फिरवली की पॅक दांड्यापासून सुटे आणि आवरणात अडके. मग तो उचलून खालून दुसरं झाकण लावायचं. एवढी काळजी घ्यायची, कारण हेड तबकडीला टेकत नसे. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या अतिशय पातळ थरावर ते तरंगत असे, आणि धुळीचा एक कण किंवा बोटाचा ठसा त्या थराहून जाड ठरू शकत असे. हेड आदळलं की चुंबकीय थर खरवडला जाई आणि त्याबरोबर नोंदी नाहीशा होत. नुकसान तिथेच थांबत नसे. बिघडलेला पॅक ‘चालतो का बघू’ म्हणून शेजारच्या यंत्रावर चढवला, की त्या यंत्राची हेड्सही खराब होत. आणि त्या यंत्रावर नंतर चढवलेला चांगला पॅकही हातचा जाई. म्हणून शंका आली की पॅक हलवायचा नाही, हा संगणक-खोलीतला पहिला कडक नियम ठरला.

तोवर एका वेळी यंत्रावर एकच काम चाले. पगारपत्रक छापून झालं की ऑपरेटरला समोर दिसे, आता पॅक काढायला हरकत नाही. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टम/३६० मालिका आली आणि पुढे तिच्या ओएस/३६० या प्रणालीत एकाच वेळी अनेक कामं चालू लागली. एका पॅकवर कुणाच्या फाइली उघड्या आहेत, हे आता डोळ्यांना दिसेनासं झालं. २३१४ या डिस्क-संचात तर नऊ यंत्रं ओळीने मांडलेली असत. त्यांतली आठ कामावर आणि नववं राखीव. प्रत्येकावर पत्त्याचा एक काढता-घालता येणारा प्लग असे. एक यंत्र बिघडलं तर ऑपरेटर पॅक राखीव यंत्रावर नेई, प्लगही तिकडे बसवी, आणि संगणकाच्या दृष्टीने डिस्क होती त्याच पत्त्यावर राही.

अशा खोलीत ऑपरेटरने मनाने पॅक काढणं परवडणारं नव्हतं. त्याने आधी कन्सोलवर ‘व्हेरी’ ही आज्ञा देऊन अमुक यंत्र ‘ऑफलाइन’ करायला सांगायचं, आणि प्रणालीने होकार दिल्यावरच झाकणाला हात लावायचा. पुढे आयबीएमच्याच एमव्हीएस प्रणालीत या आज्ञेचं वागणं फार विचारपूर्वक ठरवलेलं दिसतं. यंत्र रिकामं असेल तर ते लगेच ऑफलाइन होतं. ते कुणाच्या कामात गुंतलेलं असेल तर प्रणाली आज्ञा फेटाळत नाही, आणि चालू कामही तोडत नाही. ती डिस्कवर ‘पेंडिंग ऑफलाइन’ अशी खूण करते. त्या क्षणापासून नव्या कामांना ती डिस्क मिळत नाही, आधीची कामं शेवटपर्यंत चालतात, आणि शेवटचं काम सुटलं की डिस्क आपोआप ऑफलाइन होते. नव्यांना थांबवा, जुन्यांना पुरं करू द्या, मगच बाजूला घ्या: अनुभवी ऑपरेटर जे नजरेने आणि आवाज देऊन करत असत, तेच प्रणालीच्या नियमांत उतरलं. आजच्या मेनफ्रेमवरही हीच आज्ञा आणि हीच खूण वापरात आहे.

डिस्क एकेकटी न धरता तिचा संच धरण्याची कल्पनाही याच काळातली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली सॉफ्टवेअर विकासाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि तिथे डेकसिस्टम-१० हा संगणक आला. त्याच्या टॉप्स-१० या प्रणालीत ‘फाइल स्ट्रक्चर’ म्हणून एक सोय होती. एक किंवा अनेक डिस्क पॅक मिळून एक स्ट्रक्चर होई, आणि वापरणाऱ्याला त्या सगळ्यांची मिळून एकच जागा दिसे. संच माउंट आणि डिसमाउंट होई तो अख्खा, आणि किती जणांनी तो माउंट केलेला आहे याचा हिशेब प्रणाली ठेवी. एकाने डिसमाउंट केलं तरी तो आकडा शून्यावर येईपर्यंत पॅक हलवणं सुरक्षित नसे. संचातला एकच पॅक उचलला तर उरलेल्यांना फारसा अर्थ उरत नव्हता, कारण एका फाइलचे तुकडे वेगवेगळ्या पॅकवर असू शकत. एकाच पोथीची पानं पाच घरांत वाटून ठेवावीत, तसा हा प्रकार होता.

डेकसिस्टम-१० बनवणाऱ्याच कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीने १९७८ मध्ये मेनफ्रेमच्या वळणाचाच मार्ग धरला. फाइली उघड्या असताना कुणी डिसमाउंट सांगितलं, तर व्हीएमएस त्या व्हॉल्यूमवर ‘डिसमाउंटसाठी खूण केलेला’ अशी नोंद करी आणि शेवटची फाइल बंद होईपर्यंत थांबे.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सचा स्वभाव वेगळा होता. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच माउंट आणि यूमाउंट या दोन्ही आज्ञा आहेत. एखादी फाइल उघडी असेल, किंवा नुसता कुणी त्या डिस्कवरच्या डिरेक्टरीत उभा असेल, तर यूमाउंट सरळ नकार देतं: ‘डिव्हाइस बिझी’. युनिक्स रांग लावत नाही आणि वाटही पाहत नाही. कोण अडवून बसलं आहे ते शोधा, त्याला उठवा, आणि पुन्हा या. पन्नास वर्षांनंतरही लिनक्स सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा नकार ओळखीचा आहे. फ्यूजर आणि एलएसओएफ ही साधनं रोज वापरली जातात, ती बरीचशी हा ‘बिझी’ कोण हे शोधण्यासाठीच.

युनिक्सने आणखी एक धोका समोर आणला, आणि तो डोळ्यांना मुळीच न दिसणारा होता. त्या काळी युनिक्स पीडीपी-११ या संगणकावर चाले आणि त्याला आरके०५ हे अडीच मेगाबाइटच्या काडतुसाचं डिस्क-यंत्र जोडलेलं असे. या यंत्राचा खटका ‘रन’वरून ‘लोड’कडे टाकला की डिस्क मंदावून थांबे, मग दिवा लागे, आणि तेव्हाच दार उघडे. फिरती डिस्क काढण्याची चूक यंत्रच होऊ देत नसे. पण त्या दिव्याला एक गोष्ट कळत नसे. युनिक्स लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर न टाकता आधी मुख्य स्मृतीतल्या बफरमध्ये ठेवी आणि सवडीने डिस्कवर उतरवी. त्यामुळे यंत्र वेगवान वाटे, पण डिस्कवरची नोंद नेहमी थोडी शिळी असे. मोटर थांबली, दिवा लागला, दार उघडलं, काडतूस अलगद निघालं, आणि तरीही फाइलींची यादी अर्धवट, असं घडू शके.

त्यावरचा उपाय म्हणजे सिंक ही आज्ञा: स्मृतीत साचलेलं सगळं डिस्कवर उतरव. ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दर तीस सेकंदांनी हे काम आपणहून करी. संगणक बंद करण्याआधी ऑपरेटर हाताने सिंक देत, आणि एकदा नव्हे, तीनदा. जुन्या युनिक्सवर सिंक लिहिण्याचं काम सुरू करून लगेच परत येई, ते पुरं होण्याची वाट पाहत नसे. तीन वेगळ्या ओळींवर ती आज्ञा टाइप करण्यात जे काही क्षण जात, तेवढ्यात डिस्कचं लिहिणं उरकून जाई. संरक्षण त्या वेळेत होतं. नव्या पिढीने तीन सिंक एकाच ओळीत, अर्धविरामांनी जोडून लिहायला सुरुवात केली, तेव्हा नेमका तो मधला वेळच निघून गेला.

चुकलेल्या उतरवणीचा भुर्दंड पुढच्या वेळी डिस्क चढवताना भरावा लागे. टेड कोवाल्स्की यांनी १९७० च्या दशकात लिहिलेला एफएसचेक हा प्रोग्राम डिस्कवरची प्रत्येक नोंद दुसरीशी ताडून पाहत असे: हा ब्लॉक दोन फाइलींचा तर नाही ना, ही फाइल कुठल्याच यादीत का नाही. डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी मिनिटांवरून तासांवर गेली. म्हणून फाइल प्रणाली डिस्कवर एक छोटीशी नोंद ठेवू लागल्या. यूमाउंट नीट झालं की ‘क्लीन’ अशी खूण, माउंट असताना ती पुसलेली. खूण असेल तर तपासणी टाळता येई. पुढे जर्नल आलं. आयबीएमच्या एआयएक्समध्ये १९९० साली जेएफएस, लिनक्समध्ये २००१ साली स्टीफन ट्वीडी यांचं ईएक्सटी३. बदल करण्याआधी तो जर्नलमध्ये लिहून ठेवायचा, म्हणजे वीज गेली तरी डिस्क सावरते. पण सावरणं वेगळं आणि नीट उतरणं वेगळं. जर्नलमुळे फाइलींची रचना शाबूत राहते. स्मृतीतच राहून गेलेला मजकूर मात्र परत येत नाही.

दरम्यान डिस्क माणसाच्या हातातून निसटली. १९७३ मध्ये आयबीएमच्या ३३४० या ‘विंचेस्टर’ यंत्रात हेड्स आणि तबकड्या एकाच बंद डब्यात गेल्या, आणि दोन वर्षांनी आलेल्या ३३५० मध्ये तबकड्या पुन्हा कायमच्या बसवलेल्या होत्या. धूळ आत जाण्याचा मार्गच बंद झाल्यावर हेड आणखी जवळ आणता आलं आणि क्षमता झपाट्याने वाढली. डिस्क उतरवणं आता क्वचितचं काम होणार, असं वाटण्याजोगी स्थिती होती. ते रोजचं काम झालं ते वेगळ्याच वाटेने.

१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची मांडणी करणारा निबंध सादर केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त छोट्या डिस्क एकत्र बांधा आणि त्यांतली एक गेली तरी माहिती राहील इतकी जादा नोंद ठेवा, असा त्याचा आशय. डिस्क आता गटानेच राहू लागल्या. त्या गटांचा कारभार पाहणारं सॉफ्टवेअरही आलं. एआयएक्सने १९९० मध्ये ‘व्हॉल्यूम ग्रुप’ आणले. एचपी-यूएक्सने तशीच रचना उचलली, आणि तिच्या धर्तीवर १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं.

संच बंद करण्याचं शास्त्र खऱ्या अर्थाने इथे पक्कं झालं. एआयएक्समध्ये गट कामावर घ्यायला ‘व्हेरीऑनव्हीजी’ आणि उतरवायला ‘व्हेरीऑफव्हीजी’ या आज्ञा आहेत. मेनफ्रेमच्या कन्सोलवरचं ‘व्हेरी’ त्यांत स्पष्ट ऐकू येतं. आत चालणारं काम मात्र बरंच वाढलं आहे. गटातल्या प्रत्येक डिस्कवर अख्ख्या गटाचं वर्णन कोरलेलं असतं: सदस्य डिस्क कोणत्या, कुठला तुकडा कुठे. या वर्णनांपैकी निम्म्याहून अधिक प्रती वाचता आल्या तरच गट उभा राहतो. दोनच डिस्क असतील तर एकीवर दोन प्रती आणि दुसरीवर एक ठेवतात. म्हणजे दोन प्रती असलेली डिस्क गेली, की दुसरी धडधाकट असूनही गट खाली बसतो. कुठली डिस्क आधी काढावी, हे इतक्या बारकाव्यावर अवलंबून असतं.

उतरवण्याचा क्रम चढवण्याच्या बरोबर उलटा. आधी डेटाबेस किंवा जो कुणी त्या जागेवर लिहितो आहे तो थांबवायचा. मग फाइल प्रणाली अनमाउंट करायची. गटातून आखून दिलेला एखादा भाग, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम, उघडा असेल तर लिनक्सचं ‘व्हीजीचेंज’ गट निष्क्रिय करायला नकार देतं, आणि तो नकार गंभीरपणे घ्यायचा असतो. गट निष्क्रिय झाला की ‘एक्स्पोर्ट’ करायचं, म्हणजे हा गट आता या सर्व्हरचा राहिला नाही अशी नोंद. माहितीला त्यात धक्का लागत नाही. त्यानंतर मल्टिपाथ, म्हणजे डिस्कपर्यंत जाणाऱ्या दुहेरी वाटांची व्यवस्था, मोकळी करायची. मग कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एकेक डिस्क विसरायला सांगायचं, आणि सगळ्यात शेवटी केबलला किंवा ट्रेला हात लावायचा.

हे चुकलं तर काय होतं, हे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये उघड दिसतं. तिथे संचातली प्रत्येक डिस्क घटनांचा एक आकडा जपते. काही बदललं की सगळ्यांवरचा आकडा एकदमच पुढे सरकतो. संच नीट थांबवला तर सगळे आकडे सारखे राहतात. संच चालू असताना एक डिस्क ओढून काढली, तर तिचा आकडा मागे पडतो. परत जोडली तरी ती शिळी ठरते आणि तिच्यावरची माहिती उरलेल्यांकडून पुन्हा भरून घ्यावी लागते. दोन-तीन डिस्क वेगवेगळ्या क्षणी ओढल्या, तर कुणाचा आकडा खरा हे ठरवणं फार अवघड होऊन बसतं.

याहून मोठा धोका दोन सर्व्हरांचा. बँका आणि शेअर बाजारांची कामं अखंड चालावीत म्हणून एकच डिस्क-संच दोन सर्व्हरांना जोडलेला असतो. एक बंद पडला तर दुसऱ्याने संच उचलायचा. पण पहिल्याने तो सोडलेलाच नसेल आणि दोघंही आपापल्या स्मृतीतला हिशेब खरा मानून एकाच जागी लिहू लागले, तर काही मिनिटांत माहितीचा चुथडा होतो. म्हणून क्लस्टरमध्ये, म्हणजे अशा जोडलेल्या सर्व्हरांत, संच सोडणं हे धरण्याहून महत्त्वाचं मानतात. पहिला सर्व्हर उत्तरच देत नसेल, तर त्याचा वीजपुरवठा तोडून तो लिहू शकणार नाही याची खात्री करतात, आणि मगच दुसऱ्याला संच देतात.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसवर काम सुरू केलं, आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यांनी फाइल प्रणाली आणि डिस्कचा गट हे दोन थर एकत्र केले. गटाला ते ‘पूल’ म्हणतात. जुन्या नोंदीवर न लिहिता प्रत्येक बदल नव्या जागी लिहायचा आणि शेवटी एका क्षणी नव्या मुळाकडे बोट वळवायचं, अशी रचना असल्यामुळे वीज गेली तरी पूल अर्धवट अवस्थेत सापडत नाही. तरीही ‘झेडपूल एक्स्पोर्ट’ ही आज्ञा त्यांनी मुद्दाम ठेवली. ती सगळ्या फाइल प्रणाली अनमाउंट करते, राहिलेलं लिहून काढते, आणि प्रत्येक डिस्कवरच्या चारही लेबलांत पूल आता ‘एक्स्पोर्टेड’ असल्याची नोंद करते. अशा डिस्क कुठल्याही क्रमाने कुठल्याही खाचेत बसवा, स्पार्क यंत्रावरून काढून इंटेलच्या यंत्राला जोडा, पूल ओळखला जातो. एक्स्पोर्ट न करता आणल्या, तर नवं यंत्र लेबलावर जुन्या यंत्राची ओळख वाचतं आणि पूल दुसरीकडे वापरात असू शकेल म्हणून अडतं. हा अडसर जबरदस्तीने ओलांडता येतो, आणि घाईत तो ओलांडल्यामुळे पूल गमावल्याच्या घटना घडल्या. म्हणून २०१७ मध्ये लिनक्सवरच्या झेडएफएसमध्ये ‘मल्टिहोस्ट’ ही सोय आली. पूल वापरणारं यंत्र ठरावीक काळाने डिस्कवर आपली हालचाल नोंदवत राहतं, आणि दुसरं यंत्र पूल उचलण्याआधी ती हालचाल थांबली आहे ना हे पाहून घेतं.

सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत यातलं थोडंच पोचलं. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या फ्लॉपी यंत्राला बाहेर काढण्याचं बटणच नव्हतं. मजकूर लिहून झाल्यावर संगणकच मोटरने फ्लॉपी पुढे सरकवी. विंडोजने अनेक वर्षं पेन ड्राइव्ह ‘सुरक्षितपणे काढा’ म्हणून सांगितलं, आणि २०१८ च्या आवृत्तीत अशा ड्राइव्हवर मजकूर साचवून न ठेवण्याचं धोरणच मूळ ठेवलं, म्हणजे घाईने ओढणाऱ्याचं नुकसान कमी व्हावं.

सर्व्हरवर ही सूट नाही. आजच्या एनव्हीएमई डिस्कमध्ये तबकडी नाही, हेड नाही, फिरणं नाही. पण तिच्या पोटात स्वतःची स्मृती आहे आणि कुठली नोंद कुठल्या चिपवर आहे याचे तक्ते आहेत. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईच्या पहिल्या मानकातच यासाठी एक ठरलेला संवाद आहे. सर्व्हर डिस्कला ‘आता बंद होत आहोत’ असं कळवतो, डिस्क आपलं राहिलेलं काम उरकते आणि ‘झालं’ म्हणून उत्तर देते, आणि त्यानंतर वीज तोडायची असते. हा निरोप न मिळताच वीज गेली, तर डिस्क आपल्या आरोग्य-नोंदीतला ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा एकाने वाढवते. म्हणून जबाबदार तंत्रज्ञ जुना संच ताब्यात घेताना क्षमता आणि वयाबरोबर हा आकडाही वाचतात, आणि संच सोपवताना तो वाढलेला नाही हे नोंदवून ठेवतात.